पट्टा फुगवण्यात चाळीस मिनिटे घालवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘छातीत कळ आली की दंडाला बीपीचा पट्टा बांधा, पाच मिनिटे फुगवा, पाच मिनिटे सोडा, असे चार वेळा करा, हृदय आपले आपण सावरते’ असा सल्ला हल्ली मोबाइलवरून फिरतो. त्याच्या जोडीला आणखी एक ऐकू येतो: ‘हृदयाची बंद नस एकदम उघडली की हृदयाला उलट जास्त इजा होते, तेव्हा गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची किंवा अँजिओप्लास्टीची घाई करू नका.’ दोन्ही सल्ल्यांची मुळे खऱ्या संशोधनात आहेत, म्हणून चांगली शिकलेली माणसेही ते पुढे पाठवतात. मात्र मुळापासून शेंड्यापर्यंत येताना अर्थ उलटा झाला आहे. तो सरळ करण्यासाठी हे जरा लांबलेले पत्र.

रक्त परत आल्यावर हृदयाच्या स्नायूला इजा होते, हे खरे आहे. रॉबर्ट जेनिंग्ज यांच्या गटाने ती कुत्र्यांवरच्या प्रयोगात १९६० सालीच दाखवली. काही वेळ नस बांधून ठेवून नंतर सोडली, तर पेशींची पडझड अपेक्षेपेक्षा फार झपाट्याने होते, असे त्यांना दिसले. वैद्यकात याला रिपर्फ्युजन इजा म्हणतात. प्राण्यांच्या प्रयोगांत एकूण मेलेल्या स्नायूपैकी निम्म्यापर्यंत वाटा या इजेचा असू शकतो. हे वाचून ‘मग नस उघडूच नये’ असे वाटणे साहजिक आहे.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला यातली चूक चटकन कळेल. शिवारात थ्री फेज गेलेली असते आणि मोटारींना ऑटो स्विच बसवलेले असतात. लाईट आली की त्या क्षणी एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम उठतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते, व्होल्टेज बसते आणि डीपी जळते. म्हणून लाईटच नको, असे कोणी म्हणत नाही. लाईट आली नाही तर पीक जळणारच असते. तक्रार असते ती सगळे एकाच क्षणी सुरू होण्याची. हृदयाच्या पेशीत घडते ते बरेचसे असेच.

नस बंद झाल्यावर काय होते ते आधी पाहू. हृदयाचा स्नायू दिवसाला काही किलो एटीपी (पेशीच्या कामाला ऊर्जा पुरवणारा रेणू) बनवतो आणि तितकाच खर्चतो. साठा म्हणाल तर जेमतेम काही सेकंदांचा. म्हणूनच पेशीचा जवळजवळ एक तृतीयांश भाग तंतुकणिकांनी म्हणजे मायटोकॉन्ड्रियांनी भरलेला असतो. ऑक्सिजन तुटला की दहा-पंधरा सेकंदांत तेवढ्या भागाचे आकुंचन मंदावते. पेशी मग ऑक्सिजनशिवाय साखर जाळू लागते. त्यातून लॅक्टिक आम्ल साचते आणि आतले वातावरण आंबट होत जाते. हे आम्ल बाहेर टाकण्यासाठी पेशीच्या भिंतीत एक अदलाबदलीचे दार असते. ते एक हायड्रोजन आयन बाहेर सोडते आणि त्या बदल्यात एक सोडियम आत घेते. एरवी आलेला सोडियम पंप करून बाहेर काढला जातो, पण तो पंप एटीपीवर चालतो आणि एटीपी तर संपत आलेला. सोडियम आत तुंबतो. शेजारचे सोडियम-कॅल्शियम दार एरवी कॅल्शियम बाहेर काढते; आता सोडियमच्या दाबाने ते उलटे फिरते आणि कॅल्शियम आत येऊ लागते.

याच काळात सक्सिनेट नावाचा पदार्थ पेशीत साचत जातो. त्याचे महत्त्व २०१४ मध्ये केंब्रिजच्या चौचानी आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये उलगडून दाखवले. पेशी जणू न जळलेले इंधन भट्टीच्या तोंडाशी रचून ठेवते.

आता नस उघडते. ऑक्सिजन येताच साचलेले सक्सिनेट काही मिनिटांत भसाभस जळते. त्याचे इलेक्ट्रॉन नेहमीच्या वाटेने पुढे न जाता श्वसनसाखळीच्या पहिल्या टप्प्याकडे, कॉम्प्लेक्स १ कडे, उलटे ढकलले जातात. तेथे सुपरऑक्साइडचा, म्हणजे पेशीला इजा करणाऱ्या ऑक्सिजनच्या तापट रूपाचा, लोट उठतो. दुसरीकडे, ताजे रक्त पेशीबाहेरचे आम्ल धुऊन नेते. आत आम्ल आणि बाहेर नाही, अशी तफावत झाल्याने ते हायड्रोजन-सोडियमचे दार पूर्ण वेगाने फिरते. आणखी सोडियम आत, त्यापाठोपाठ आणखी कॅल्शियम. एटीपीही परत आलेला असतो. भरपूर कॅल्शियम आणि हाताशी इंधन मिळाल्यावर स्नायूचे तंतू आखडतात ते आखडतातच. सूक्ष्मदर्शकाखाली अशा पेशींत आडवे गडद पट्टे दिसतात. विकृतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला ते एकदा दाखवले की पुन्हा विसरत नाहीत.

निर्णायक प्रसंग मात्र तंतुकणिकेच्या आतल्या पडद्यावर घडतो. तेथे एक छिद्र आहे, ज्याला संशोधक एमपीटीपी म्हणतात. एरवी ते बंद असते. कॅल्शियमचा भार, सुपरऑक्साइडचा मारा आणि सामान्य झालेली आम्लता, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की ते उघडते आणि दीड हजार डाल्टनपर्यंतचा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे माप) कोणताही रेणू आरपार जाऊ लागतो. पडद्यावरचा विद्युतदाब कोसळतो, पाणी आत शिरते, तंतुकणिका फुगते आणि बाहेरचा पडदा फाटतो. एटीपी बनवणारे यंत्र उलटे फिरून उरलासुरला एटीपीही खाऊन टाकते. एवढे झाले की ती पेशी वाचत नाही.

यातली गंमत आम्लतेची आहे. नस बंद असताना पेशी आंबट असते, आणि त्या आंबटपणामुळेच छिद्र बंद राहते. म्हणजे तासभर उपाशी राहिलेली पेशी छिद्र न उघडता तग धरते आणि जेवण आल्यावर पहिल्या काही मिनिटांत ते छिद्र उघडते. रक्षणाच्या जवळपास सगळ्या युक्त्या याच काही मिनिटांभोवती फिरतात.

पहिली युक्ती १९८६ मध्ये सापडली, तीही अनपेक्षितपणे. मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांनी कुत्र्याच्या हृदयाची नस पाच मिनिटे बंद, पाच मिनिटे उघडी, असे चार वेळा केले आणि मग सलग ४० मिनिटे बंद ठेवली. रक्त थोडा वेळ तोडण्याच्या आधीच्या चार टोचण्यांनी इजा वाढेल, असे कोणालाही वाटले असते. प्रत्यक्षात मेलेला स्नायू नेहमीच्या चौथाईवर आला. याला प्रीकंडिशनिंग म्हणतात. पट्ट्याच्या सल्ल्याचे मूळ हेच. पण त्याच शोधनिबंधातला दुसरा निकाल कोणी पुढे पाठवत नाही: नस ४० मिनिटांऐवजी ३ तास बंद ठेवली, तेव्हा आधी सराव दिलेल्या आणि न दिलेल्या हृदयांत फरक उरला नाही. या रक्षणाने पेशीचे मरण लांबते, टळत नाही. नस वेळेत उघडली तरच त्या लांबणीचा उपयोग.

छोट्या टोचण्यांनी पेशी सावध कशी होते, याचा बराचसा माग लागला आहे. थोडा वेळ रक्त तुटले की पेशीतून अ‍ॅडेनोसिन, ब्रॅडिकायनिन आणि अफूसारखे अंगचे रेणू बाहेर पडतात आणि पेशीच्या भिंतीवरच्या ग्राहींना चिकटतात. आत एका रेणूकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या निरोपांची साखळी सुरू होते: पीआय-३ किनेज, मग एकेटी, त्याला समांतर ईआरके, पुढे नायट्रिक ऑक्साइड, प्रोटीन किनेज जी, प्रोटीन किनेज सीचा एप्सिलॉन प्रकार आणि तंतुकणिकेवरचे पोटॅशियमचे दार, ज्याला एटीपी-संवेदी वाहिनी म्हणतात. ग्लायकोजेन सिंथेज किनेज-३ बीटा नावाचे विकर गप्प केले जाते. ही सगळी धावपळ शेवटी त्या एकाच छिद्रापाशी येऊन थांबते आणि ते उघडण्यासाठी लागणारा कॅल्शियमचा भार वाढतो. एकेटी आणि ईआरकेच्या या वाटेला ‘रिस्क’ म्हणतात. टीएनएफ-अल्फापासून निघून जॅक आणि स्टॅट-३ कडे जाणाऱ्या दुसऱ्या वाटेला ‘सेफ’ म्हणतात. नावे ठेवणाऱ्यांना विनोदबुद्धी होती, एवढे नक्की.

हे रक्षण दोन हप्त्यांत मिळते. पहिला हप्ता तास-दोन तास टिकून ओसरतो. दुसरा सुमारे २४ तासांनी परततो आणि ७२ तासांपर्यंत राहतो; तो नव्याने बनवलेल्या प्रथिनांचा असतो. हृदयविकाराच्या झटक्याच्या आदल्या एक-दोन दिवसांत ज्यांना छातीत थोड्या वेळाची दुखणी येऊन गेली, अशा रुग्णांत इजा काहीशी लहान आढळल्याच्या नोंदी आहेत. याचा अर्थ ‘दुखू द्या, सराव होतोय’ असा कोणी काढला तर कपाळाला हात लावायची वेळ येईल. ते दुखणे म्हणजे नस बंद होऊ घातल्याची नोटीस आहे. गॅस झाला म्हणून सोडा पिऊन झोपलेल्या माणसाच्या बाबतीत हीच नोटीस न वाचता फाडली जाते.

प्रीकंडिशनिंगची मोठी अडचण म्हणजे ते आधी करावे लागते, आणि झटका सांगून येत नाही. म्हणून संशोधकांनी रक्त परतण्याच्या क्षणावर काम सुरू केले. २००३ मध्ये झाओ आणि विंटन-योहानसन यांच्या गटाने कुत्र्यात नस उघडताना ३० सेकंद सोडली, ३० सेकंद दाबली, असे तीनदा केले. इजा लक्षणीय घटली. याला पोस्टकंडिशनिंग म्हणतात. लाईट एकदम न देता टप्प्याटप्प्याने देण्याचाच हा प्रकार. रक्त थांबत-थांबत आल्याने आम्ल हळूहळू धुतले जाते, आणि तेवढा वेळ छिद्र बंद राहून निरोपांच्या साखळ्यांना काम करायला सवड मिळते. पहिल्या मिनिटात सुरुवात झाली तरच हे लागू पडते. थोडे उशिरा केले तर परिणाम नाहीसा होतो, कारण छिद्र तोवर उघडलेले असते.

दंडाचा पट्टा ही यातली तिसरी पायरी. हृदयाच्या एका नसेला दिलेली टोचणी दुसऱ्या नसेच्या भागालाही वाचवते, हे १९९३ मध्ये दिसले. पुढे २००२ मध्ये खारबंदा आणि सहकाऱ्यांनी दाखवले की हाता-पायाचे रक्त थोडा थोडा वेळ तोडले तरी दूरच्या अवयवाला रक्षण मिळते. हातातून निरोप काही अंशी मज्जातंतूंवाटे, काही अंशी रक्तातून जातो. अशा प्राण्याचे रक्तद्रव दुसऱ्याच्या हृदयाला दिले तर तेही वाचते. पट्टा दंडावर वरच्या बीपीच्या वर, साधारणपणे पाऱ्याच्या २०० मिलिमीटर दाबापर्यंत, फुगवला जातो. ५ मिनिटे फुगलेला, ५ मिनिटे सैल, असे ४ वेळा. २०१० मध्ये डेन्मार्कमध्ये अँजिओप्लास्टीसाठी नेताना रुग्णवाहिकेतच हे केले, आणि वाचलेल्या स्नायूचे प्रमाण वाढलेले आढळले. त्या वेळी सगळ्यांनाच फार आशा वाटली होती. वाटायलाच हवी होती. पट्ट्याला किंमत ती काय?

त्यानंतर मोठी चाचणी झाली. ब्रिटन, डेन्मार्क, स्पेन आणि सर्बियामधल्या ५,४०१ रुग्णांवरचा हा अभ्यास २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. पट्टा लावलेल्या आणि न लावलेल्या गटांत वर्षभरात हृदयविकाराने होणारे मृत्यू किंवा हृदय कमजोर होऊन दाखल व्हावे लागणे यांत फरक निघाला नाही. छिद्रावर थेट काम करणारे सायक्लोस्पोरिन हे औषधही असेच. २००८ मध्ये ५८ रुग्णांच्या अभ्यासात त्याने उमेद दाखवली, आणि २०१५ मध्ये ९७० रुग्णांच्या अभ्यासात काहीच साधले नाही. बायपासच्या वेळी पट्टा लावून पाहिलेल्या दोन मोठ्या चाचण्याही त्याच वर्षी निष्फळ ठरल्या.

प्रयोगशाळेत चालते ते माणसात का चालत नाही? आमच्या मते हा या विषयातला सगळ्यात शिकवणारा भाग आहे. प्रयोगातला उंदीर तरुण, निरोगी आणि औषधांशिवायचा असतो. रुग्णालयात येणारा माणूस साठीचा, मधुमेही, रक्तदाबाचा आणि बहुधा तंबाखू खाणारा असतो. वय आणि मधुमेह या निरोपांच्या साखळ्या बोथट करतात, हे प्राण्यांत वारंवार दिसले आहे. मधुमेहाची जुनी आणि स्वस्त ग्लिबेनक्लामाइड ही गोळी तर एटीपी-संवेदी पोटॅशियमचे दारच बंद करते. प्रयोगात तिने प्रीकंडिशनिंगचा परिणाम पुसून टाकला आहे. (म्हणून आपल्या मनाने ती बंद करू नये; साखर भडकली तर वेगळे दुखणे मागे लागते. बदल करायचाच तर डॉक्टरांना विचारून.) उलट, झटक्याच्या वेळी आज दिली जाणारी, गुठळी होऊ न देणारी टिकाग्रेलॉरसारखी औषधे स्वतःच काही प्रमाणात हे रक्षण देतात, त्यामुळे वरून पट्ट्याने आणखी काय द्यावे, हाही प्रश्न आहे. शिवाय प्राण्याप्राण्यांत वाटा वेगळ्या: उंदरात एकेटीची वाट महत्त्वाची, तर डुकरात स्टॅट-३ ची. उंदरासाठी शोधलेली किल्ली माणसाच्या कुलपाला लागेलच, असे गृहीत धरण्यात चूक झाली.

आता हिशेब मांडू. पट्ट्याच्या चार फेऱ्यांना जवळपास ४० मिनिटे लागतात. वर सांगितलेल्या चाचण्यांत तो रुग्णालयाच्या वाटेवर किंवा रुग्णालयातच लावला होता, उपचारांना त्यासाठी थांबवले नव्हते. घरी बसून ४० मिनिटे फुगवाफुगवी करणे म्हणजे मरी यांच्या प्रयोगात ज्या ४० मिनिटांत फायदा दिसला, तेवढीच मिनिटे वाया घालवणे. स्नायू आतल्या थरापासून बाहेरच्या थराकडे मरत जातो. ही लाट रायमर आणि जेनिंग्ज यांनी १९७७ मध्ये दाखवली; त्यामुळे उशीर जितका, तितकी वाचवण्यासारखी जाडी कमी. गुठळी विरघळवण्याच्या औषधाचा फायदाही असाच घसरत जातो. इटलीतल्या १९८६ च्या ११ हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत पहिल्या तासात स्ट्रेप्टोकायनेज हे असे औषध मिळालेल्यांचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते.

भारतातला आकडा यापुढे ठेवला की काळजी वाटते. २० हजारांहून अधिक रुग्णांची ‘क्रिएट’ नोंदवही २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. दुखणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोचेपर्यंतचा मध्यक वेळ त्यात ३६० मिनिटे होता. सहा तास! रुग्णालयात आल्यावर इंजेक्शन मिळेपर्यंत गेली ती आणखी ५० मिनिटे. म्हणजे वेळ वाया जातो तो मुख्यतः घरात आणि रस्त्यात. किनवटहून नांदेड सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, बीडहून छत्रपती संभाजीनगरही तेवढेच. अशा ठिकाणी आधी दोन दवाखाने फिरून, मग गाडी शोधून, मग ‘मोठ्या’ रुग्णालयाकडे निघायचे, यात सहा तास कसे जातात हे कोणाला समजावून सांगायला नको.

म्हणून मराठवाड्यापुरते तरी आमचे मत स्पष्ट आहे. अँजिओप्लास्टी निदानापासून १२० मिनिटांत होणार असेल तर ती पहिली पसंती. ती होणार नसेल, आणि दूरच्या तालुक्यांतून बहुतेकदा ती होत नाहीच, तर जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातच गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन घ्यावे आणि मग पुढे निघावे. ‘इथं कशाला, डायरेक्ट मोठ्या दवाखान्यात नेऊ’ हा आग्रह प्रेमापोटीच होतो, पण तो स्नायूला महाग पडतो.

आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी चार बारकावे, कारण रिपर्फ्युजनची चिन्हे ओळखता न आल्याने नको ते उपचार होतात. छातीत दुखणाऱ्या माणसाचा ईसीजी दारात आल्यापासून १० मिनिटांत काढावा. टेनेक्टेप्लेज या गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा डोस वजनावर असतो: ६० किलोखाली ३० मिलिग्रॅम, पुढे दर दहा किलोला ५ मिलिग्रॅम वाढवत ९० किलो आणि त्यापुढे ५०, एकाच दमात शिरेतून. पंच्याहत्तरीच्या पुढे अर्धा डोस, कारण मेंदूत रक्तस्रावाचा धोका. स्ट्रेप्टोकायनेज असेल तर १५ लाख युनिट ३० ते ६० मिनिटांत. चालू असताना बीपी कोसळले तर वेग कमी करावा, पाय वर करावेत, सलाईन द्यावे. पूर्वी कधीही मेंदूत रक्तस्राव, ताजी शस्त्रक्रिया, आतड्यातून रक्त जाणे, यांची विचारणा सुई घेण्याआधी.

इंजेक्शननंतर ६० ते ९० मिनिटांनी ईसीजी पुन्हा काढावा. ज्या लीडमध्ये एसटी (ईसीजीतल्या रेषेचा झटक्यात वर उचलला जाणारा भाग) सगळ्यात जास्त वर होती, तिथे ती निम्म्याहून अधिक खाली आली का, ते पाहावे. (ही एसटी महामंडळाची नव्हे, तिच्या उशिराचे आपल्याला काही वाटेनासे झाले आहे, हिच्या उशिराचे वाटायला हवे.) उतरली नसेल तर नस उघडलेली नाही असे समजून ताबडतोब कॅथलॅबच्या, म्हणजे अँजिओप्लास्टीची सोय असलेल्या, ठिकाणी हलवावे. उतरली असेल तरी २ ते २४ तासांत अँजिओग्राफी व्हायला हवी.

याच वेळी मॉनिटरवर रुंद, संथ ठोके दिसतात, मिनिटाला साधारण ६० ते ११० च्या बेताने. पाहणारा घाबरतो आणि लिग्नोकेन किंवा अमिओडॅरोन काढतो. बीपी ठीक असेल तर हात लावू नये. हे बहुधा रक्त परतल्याचे लक्षण असते आणि थोड्या वेळात जाते. खालच्या भिंतीच्या झटक्यात नस उघडताच ठोके एकदम मंदावतात आणि बीपी पडते. तेथे अ‍ॅट्रोपीन आणि सलाईन पुरते. पण व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन झाले, म्हणजे हृदय आकुंचन न पावता नुसते थरथरू लागले, तर विजेच्या शॉकला पर्याय नाही, आणि म्हणूनच इंजेक्शन दिलेला रुग्ण डिफिब्रिलेटर (शॉक देणारे यंत्र) नसलेल्या गाडीतून पाठवू नये. रक्त परतताना लय बिघडते त्यामागेही तंतुकणिका आणि कॅल्शियमच आहेत. पेशीपेशीत कॅल्शियम हेलकावे खाते आणि त्यातून अवेळी ठोके उठतात.

ऑक्सिजनबद्दल एक गोष्ट ठासून सांगायला हवी. झटक्याचा रुग्ण आला की नाकावर मास्क चढवणे ही जुनी सवय आहे. स्वीडनमध्ये ६,६२९ रुग्णांवर झालेल्या २०१७ च्या अभ्यासात, रक्तातला ऑक्सिजन ९० टक्के किंवा त्याहून अधिक असलेल्यांना तो देऊन काहीच फायदा झाला नाही. जादा ऑक्सिजनने हृदयाच्या नसा आकसतात, आणि सुपरऑक्साइडचा विचार केला तर या घडीला तो उगाच ओतण्यात शहाणपण नाही. बोटावरचे यंत्र ९० च्या खाली दाखवत असेल तर जरूर द्या. नातेवाइकांनी ‘ऑक्सिजन लावला नाही’ म्हणून भांडू नये.

नस उघडूनही रक्त पोचत नाही, असेही घडते. क्लोनर यांनी १९७४ मध्ये ते प्राण्यांत दाखवले. मोठी नस मोकळी होते, पण बारीक केशवाहिन्या सुजलेल्या पेशींनी, पांढऱ्या पेशींच्या गठ्ठ्यांनी आणि फुटलेल्या गुठळीच्या तुकड्यांनी बुजलेल्या असतात. कालवा सुटला, पण चाऱ्या गाळाने भरलेल्या, तसे. अँजिओग्राफीत नस झकास दिसते आणि ईसीजीतली एसटी मात्र खाली येत नाही. उशिरा आलेल्या रुग्णात हे जास्त दिसते. कॅथलॅबमध्ये अ‍ॅडेनोसिन, नायट्रोप्रुसाइड किंवा व्हेरापामिल थेट नसेत देऊन पाहतात, दरवेळी यश येतेच असे नाही.

घरच्यांसाठी. छातीच्या मध्यभागी दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, आणि मधुमेह्यांत कधी नुसतीच धाप किंवा मळमळ, असे काही मिनिटांत थांबले नाही तर १०८ ला फोन करावा आणि पहिल्या फोनलाच ‘छातीत दुखतंय’ असे स्पष्ट सांगावे. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्राव करणारा अल्सर नसेल तर ३०० मिलिग्रॅमची साधी गोळी चावून खावी. गिळू नये, चावल्याने ती लवकर भिनते. जिभेखाली ठेवायची, नसा सैल करणारी गोळी शेजाऱ्याकडे आहे म्हणून मागून घेऊ नये. बीपी आधीच कमी असेल तर माणूस जागेवर कोसळतो. रुग्णाला चालवत, जिना चढवत नेऊ नये. गाडी स्वतः चालवू देऊ नये. पट्टा घरात असेल तर बीपी मोजण्यासाठी वापरावा.

आपल्या दैनिकाला एक विनंती आहे. जिल्हावार आवृत्तीत, कोणत्या ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात रात्रीच्या वेळीही ईसीजी आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शन मिळते, याची यादी आरोग्य विभागाकडून घेऊन महिन्यातून एकदा छापावी आणि बदल झाला की सुधारावी. लोकांनी ती कापून गोळ्यांच्या डब्याच्या झाकणावर चिकटवावी. त्याच डब्यात रुग्णाचा जुना ईसीजी, चालू गोळ्यांच्या पट्ट्या आणि पूर्वी कधी स्ट्रेप्टोकायनेज दिले असल्यास तो डिस्चार्जचा कागद ठेवावा. ते औषध एकदा दिले की शरीरात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. पुन्हा दिले तर ते चालत नाही किंवा अ‍ॅलर्जी उठते, आणि रात्री दोन वाजता हा कागद नसेल तर डॉक्टरांना ते कळायला दुसरा मार्ग नसतो.

आपले,
शरीरक्रियाशास्त्र व हृदयविकार विषयांचे दोन अध्यापक,
नांदेड